तळहातावरचा कापूर

सरस्वतीबाईला आयुष्यात धड झोप कधी मिळालीच नाही. पहाटे चारला उठून शेणपाणी, भाकरी, मग दिवसभर लोकांच्या रानात निंदण नाहीतर वेचणी, आणि घरी आलं की पुन्हा चूल. अमडापूरच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्याला लागूनच तिचं दोन खोल्यांचं घर. अंग टाकलं की डोळा लागायचा, पण नवऱ्यानं कूस बदलली तरी ती दचकून उठून बसायची. तिला खरी विश्रांती मिळायची ती आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, आणि तीही पन्नास माणसांच्या देखत. मंगळवारी तिच्या अंगात देवी यायची.

बघणाऱ्यांना वाटायचं, काय हाल होतात बाईचे! केस सुटायचे, मान गरगरा फिरायची, तोंडाला कोरड पडायची. खरं तर तेवढाच तास तिच्या सुखाचा होता, कारण त्या तासात ती नसायचीच. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती सतरा वर्षांची नवी सून होती. नवरात्रातली आरती चालली होती, हलगी वाजत होती, आणि एकाएकी तो आवाज लांब लांब जायला लागला. डोळे उघडले तेव्हा आरतीचं ताट थंड झालेलं, आणि जी सासू तिला कधी नावानं हाक मारत नसे तीच तिच्या पायावर डोकं ठेवून बसलेली. मधे काय घडलं ते तिला कळलं नाही. पण अंग असं हलकं झालं होतं, की जणू डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घेतलाय. पुढची तीस वर्षं ती त्या हलकेपणाच्या आशेवर मंगळवारची वाट बघत राहिली.

देवी खरी आली की नाही, हे ठरवायचं गावाचं माप ठरलेलं होतं. तिचा नवरा शेषराव तिच्या उजव्या तळहातावर पेटती कापराची वडी ठेवायचा. वडी जळून विझायची, सरस्वतीबाईची पापणीही हलायची नाही. अशा अवस्थेत माणसाला वेदना जाणवत नाही, हे एखाद्या शिकलेल्या माणसानं सांगितलं असतं तर गावानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. इतक्या वर्षांत तळहातावर डाग पडला नव्हता, आणि गावाला एवढा पुरावा बस होता.

कापूर विझला की प्रश्न सुरू व्हायचे. देवीचं बोलणं साध्या माणसाला उमजत नसे. ते उलगडून सांगायचं काम शेषरावाचं. एरवी या गृहस्थाला कुणी बांधावर उभं करत नसे, पण मंगळवारी तो धुतलेलं धोतर नेसून असा काही बसायचा, की जणू देवीला ह्यानंच बोलावणं धाडलंय. बायकोच्या तोंडाजवळ कान न्यायचा, मान डोलवायचा, आणि उत्तर जाहीर करायचा.

लोक काय विचारणार? हरवलेली म्हैस, न होणारं लेकरू, आणि जूनच्या तोंडाशी सगळ्यांचं एकच: औंदा कपाशी का सोयाबीन? बीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं गावात येऊन बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला अळी गेली म्हणून लोक नाचले, आणि मग अळी परत आली. एका वर्षी देवी म्हणाली, कपाशी. गावानं कपाशी लावली आणि गुलाबी अळीनं बोंड न् बोंड आतून पोखरून ठेवलं. बाहेरून हिरवंगार, फोडलं तर आत किडका चोथा.

देवीला तोंडावर कोण बोलणार? पण विहिरीवर शेजारच्या रुक्मिणीबाईनं विचारलंच.

"सरू, खरं सांग वं, तू काऊन कपाशी म्हणली?"

"मले काहीच माहीत नाही बाई. मी राहतच नाही तवा."

रुक्मिणीबाईनं फक्त बघितलं, जसं खोटं बोलणाऱ्याकडं बघतात तसं. ती नजर सरस्वतीबाईच्या काळजात रुतून बसली. घरी येऊन तिनं शेषरावाला विचारलं, "मी काय म्हणते हो त्या वक्ती?"

"तुले काय करायचं? देवी बोलते, तू थोडीच बोलते!"

तिथं तिनं ठरवलं, की एकदा तरी आपण आपलं ऐकायचं. पुढच्या मंगळवारी ती डाव्या मुठीत एक चिंचोका धरून पाटावर बसली. चिंचोका हाताला लागतोय तोवर आपण इथं आहोत, असा तिचा साधा हिशोब. तीन मंगळवार चिंचोका हातातून गळाला आणि तीही गेली. चौथ्या मंगळवारी तो मुठीतच राहिला. कापराची धग तिला लांबून, दुसऱ्याच कुणाच्या हाताला लागल्यासारखी कळली. मग रंगराव नावाच्या म्हाताऱ्यानं लेकीच्या लग्नाचं विचारलं आणि तिनं स्वतःचा आवाज ऐकला. "हूं... हूं..." एवढंच. शेषरावानं कान जवळ नेला, मान डोलवली आणि सांगितलं, "दिवाळीनंतर. उत्तरेकडचं स्थळ हाय."

तिला राग आला नाही. राग यायलाही आत काहीतरी असावं लागतं. तीस वर्षं ती हुंकार देत होती आणि गाव त्यावर पेरणी करत होतं.

त्यानंतर देवी आलीच नाही. सरस्वतीबाई पाटावर बसायची, हलगी वाजायची, पण आपणच आपल्यावर पहारा बसवल्यावर जायचं तरी कसं? तिनं चिंचोका फेकून दिला, तरी मूठ जागी ती जागीच. घरातली झोप तर आधीच नव्हती, आता मंगळवारही गेला. शेषरावानं देवी रुसल्याचं गावाला सांगून टाकलं.

पावसाळा सरता सरता कपाशी डोक्याच्या वर गेली. अळीच्या भीतीनं लोक दोन-दोन औषधं एकत्र करून फवारत होते. गावातल्या जयमाला नावाच्या पोरीचा नवरा गोविंदा, तिशीच्या आतला, पाठीवर पंप घेऊन मजुरीनं फवारणीला जायचा. एके सकाळी तो दहाच्या सुमाराला शेतातून घरी आला तो लाळ गाळत, घामानं निथळत. दंडाचं मांस थरथरत होतं आणि तो आढ्याकडं बघून कुणाशी तरी बोलत होता. त्याचा चुलता कडूबा म्हणाला, "लागीर झालं याले. नाल्यावरच्या बाभळीखालून गेला अशीन." चौघांनी खाट उचलली आणि सरळ सरस्वतीबाईच्या अंगणात आणून ठेवली. समोर रस्त्यावर जीप उभी होती. चिखलीचा दवाखाना अर्ध्या तासावर.

सरस्वतीबाईला गोविंदाच्या सदऱ्याला येणारा फवारणीच्या औषधाचा वास आला. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. जन्म रानात गेलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

"हे लागीर नाही हो. औषध चढलं याले. दवाखान्यात न्या."

"तू नको सांगू सरू," कडूबा म्हणाला. "आईले सांगू दे. कर देवीले हाजर."

हात जोडून उभ्या असलेल्या जयमालेकडं तिनं बघितलं. हे जर देवीचंच ऐकणार, तर देवीनंच सांगावं! तिनं केस सोडले, पाटावर बसली. हलगी सुरू झाली. तिनं मनातून गयावया केली, की ये बाई, आज तरी ये, मला ने. कुणी आलं नाही. मग तिनं मान फिरवायला सुरुवात केली आणि आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण शुद्धीत सोंग घेतलं. शेषराव कान जवळ नेतोय एवढ्यात ती मोठ्यानं, स्वच्छ बोलली.

"दवाखान्यात न्या. आत्ताच न्या. उशीर करू नका."

जयमाला उठली. कुणीतरी खाटेच्या पायाला हातही घातला. आणि शेषरावाचा मान दुखावला. देवी आपल्याला वगळून बोलली, हे त्याला कसं सोसावं?

"थांबा," तो म्हणाला. "कापूर ठेवलाच नाही."

त्यानं तिचा हात धरला, वडी ठेवली, पेटवली. सरस्वतीबाईनं दात आवळले. एक, दोन, तीन, चार. ज्योत कातडीवर बसली. मांस ओरडायला लागलं. तिनं जीव पणाला लावला, पण हात तिचा नव्हता, तो आपोआप झटकला गेला. जळती वडी मातीत पडली आणि तिच्या तोंडून निघालं, "आई गं!"

"आली नाही देवी," कडूबा म्हणाला. "ही सरूच बोलून राह्यली."

"हाव! मीच बोलून राह्यली!" ती पाटावरून उठून किंचाळली. "मी सरू! पाया पडते तुमच्या, न्या त्याले!"

"तू गप वं," शेषराव म्हणाला, आणि हलगीवाल्याला खूण केली. खरी देवी यावी म्हणून सगळे वाट बघत बसले. तिनं खाटेला हात घातला तर तिलाच दोघींनी धरून पुन्हा पाटावर बसवलं. दीड तास गेला. देवी काही येईना म्हणून शेवटी जीप निघाली, तेव्हा गोविंदाचं कुणाशी तरी चाललेलं बोलणं थांबलं होतं. चिखली यायच्या आतच तो गेला.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जयमाला आली. उंबऱ्यात बसली. डोळे खोल गेलेले, कुंकवाची जागा पांढरी. पदराचं टोक पिळत तिनं विचारलं.

"मावशी, एक इचारू? त्या दिशी ते कोन बोललं? तुमी, का देवी?"

सरस्वतीबाईनं उजवा हात पदराखाली घेतला. फोड फुटून तळहाताच्या मधोमध आता लाल गोल डाग पडला होता. देवी म्हणावं, तर या पोरीनं देवीचं मोडलं असं होईल आणि ती जन्मभर त्यात जळेल. आपण म्हणावं, तर जे खरं होतं तेच सांगितल्यासारखं होईल.

"मी बोलली माय. देवी नव्हती."

जयमालेनं लांब श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले.

"मंग बरं झालं मावशी. मले तेच खाऊन राह्यलं होतं. म्हणलं, देवीनं सांगतलं आन् आपुन आयकलं नाही. तुमीच असान तं मंग... मंग काही नाही. चौदा दिवस डोळ्याले डोळा नाही लागला. आता लागीन."

बोलता बोलता तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि खरंच तिला झोप लागली, तोंड किंचित उघडं टाकून, लहान मुलासारखी गाढ. सरस्वतीबाई शेजारी बसून डाव्या हातानं तिच्या चेहऱ्यावरच्या माशा वारत राहिली. ऊन वर आलं तरी जयमाला उठली नाही, आणि तिनंही तिला उठवलं नाही.