अल्तारावरचा हंस

यातलं एक अक्षरही मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. आईपुढे नाही, वर्गातल्या मित्रांपुढे नाही. लिहायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा भलतंच लिहून उठलो — अंधेरीचं आमचं गावठाण, विहीर, आंब्याखालचं अंगण. त्यात माझं काय होतं? आज तरी सरळ लिहितो. निदान प्रयत्न करतो.

आम्ही रेजिनामायचे भाडेकरू. ती ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आम्ही मालवणकडचे; मध्ये एक कुडाची भिंत. वडील कारखान्यात डबे भरतात. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे अंगणात येणारा प्रत्येक कागद माझ्याकडे येतो — रेशनचा, म्युनिसिपालिटीचा, मायच्या बोटीवरच्या मुलाचं पत्र. मला सगळं येतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. आणि मी — मी तरी कधी नाही म्हटलं?

तीन वर्षांपूर्वी, कॉलेजात नुकता जायला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. अल्तारावर, म्हणजे चर्चमधल्या वेदीवर, सणाला घालायचं कापड विरलं होतं. मायच्या सासूनं भरलेलं ते. तसंच नवं भरायचं काम मायकडे आलं. मधोमध पांढरा पक्षी, मान वाकवून चोच छातीला लावलेली, खाली तीन पिल्लं. छातीवर तांबूस, पुसट ठिपके. सोबत भरतकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात तेच चित्र, काळंपांढरं, आणि खाली चार ओळी.

"बाला, काय लिवलंय बग. ह्यो कंचा पक्षी?"

ओळींतला पहिलाच शब्द पेलिकन. तो मी जन्मात पाहिला नव्हता. पुढचेही निम्मे शब्द अडले. कॉलेजच्या लायब्ररीत जाडजूड डिक्शनरी होती. 'उद्या सांगतो' एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हटलं? ती इतक्या विश्वासानं तोंडाकडे बघत होती, म्हणून? आमच्या घरी कॅलेंडरवर सरस्वती आहे, तिच्या पायाशी अशीच वाकलेली मान. मी म्हटलं, "हंस आहे." आणि तिथं थांबलोही नाही. हंस म्हणजे पावित्र्य, तो दूध आणि पाणी वेगळं करतो — सगळं सांगितलं, जणू पुस्तकातच लिहिलंय.

ती जरा घुटमळली. "सासू म्हनायची, ती आई हाय. आनि हे लाल?"

"गंज आहे. पेटीत ठेवून डाग पडलेत."

तिनं लाल रेशीम बाजूला ठेवलं. चार महिने ती दारात बसून भरत होती. मान चांगली लांब, डौलदार काढली — हंसाची.

सणाच्या आदल्या दिवशी कापड घेऊन गेली आणि तासाभरात घेऊन परत आली. नव्या पाद्रींनी ते बायकांसमोर उलगडलं आणि विचारलं, "रेजिना, हे बदक कुणी बसवलं इथं?" बायका हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं — तो पेलिकन. पिल्लं उपाशी राहू नयेत म्हणून स्वतःची छाती फोडून त्यांना रक्त पाजणारी आई. ते रक्त म्हणजे येशूचं रक्त. म्हणजे ते ठिपके गंजाचे नव्हते. त्या ठिपक्यांसाठीच तर ते सगळं चित्र होतं.

हे तिनंच मला अंगणात उभं राहून सांगितलं. रागानं नाही. शेवटी नुसतं विचारलं, "बाला, तू हंस म्हनालास नं?"

एखादा शब्द न येणं हा काही गुन्हा नव्हे. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण — कसं लिहू? — वडील नुकतेच कामावरून येऊन ओट्यावर बसले होते. ऐकत होते. मी म्हटलं, "नाही माय. मी पेलिकन म्हटलं होतं. तुला नीट ऐकू आलं नसेल."

त्या शब्दाचा उच्चारसुद्धा मी मिनिटापूर्वी तिच्याच तोंडून शिकलो होतो.

वडील हसले. "कान गेले गे तुझे, माय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. "आसंल बाबा. तू कशाला खोटं बोलशील?"

नंतर मी डिक्शनरी उघडली. दोन ओळी होत्या, अर्ध्या मिनिटाचं काम. चीड येते ती याची. आणि याची की, सांगायचं ठरवून बाहेर पडावं तर माय नवा कागद घेऊन समोर उभी — "वाच रे बाला" — आणि मी वाचतो. आता शब्द अडला तर अडला म्हणतो. त्यानं काय होणार आहे?

चर्चचं भरतकाम आता तिच्याकडे येत नाही. वर्सोव्याची कोळीण दारात टोपली उतरवते, बोंबील आहेत म्हणते, माय तिला म्हणते, "परत सांग गो, मना नीट ऐकू येत नाय." पाद्रींनाही तसंच, पोस्टमनलाही तसंच. प्रत्येकाला दोनदा बोलायला लावते आणि वर ओशाळं हसते. आणि आमच्याकडे आईच्या हातून साधी वाटी पडली तरी भिंतीपलीकडून लगेच विचारते, "काय पडलं गो?"

तिचे कान चांगले आहेत. मी हंस म्हटलं होतं.