तासभर उभी राहणारी जीप

राणी खिल्लारे समाजकार्य विभागाची प्रमुख होती. हा विभाग हिंगोलीहून वाशीमला जाताना कनेरगाव नाक्याच्या अलीकडे लागणाऱ्या एका वृद्धाश्रमात होता आणि विभागात एकूण माणसं एक, ती स्वतः. हाताखाली एक लोखंडी कपाट होतं, तेही लाथ घातल्याशिवाय उघडत नसे. तरी दाराबाहेर 'विभागप्रमुख' अशी ठसठशीत पाटी होती, कारण संस्थेच्या अध्यक्षांना पाट्यांची हौस दांडगी.

ती सत्त्याण्णव साली इथं लागली, तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. साखऱ्याच्या ग्यानोबाची ती एकुलती लेक. बाईल वारल्यावर ग्यानोबानं दुसऱ्यांच्या वावरात राबून पोरीला नांदेडला शिकायला ठेवलं. गावात लोक विचारायचे, "पोरगी काय शिकून राहिली?"

"समाजाचं काम."

"ते तर आपण फुकटच करतो की!"

ग्यानोबाला तरी पोरीचा अभिमान भरपूर होता.

आश्रमात बत्तीस म्हातारी माणसं होती. त्यांची भांडणं मिटवणं, हरवलेले चष्मे शोधणं, एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडातून काढणं, हे सगळं समाजकार्यात मोडायचं. एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला की म्हाताऱ्यांना ओळीत बसवणंही. एक केळं द्यायला सहा हात पुढं यायचे आणि फोटो निघाला की पाच हात परत जायचे. खरं काम मात्र वेगळंच होतं. आईबापाला इथं सोडून गेलेली मुलं पुन्हा फिरकत नसत, त्यांना भेटायला आणायचं. पुस्तकात लिहिलं होतं, कुटुंबाशी संवाद साधावा. राणीनं दोन वर्षं पत्रं लिहून संवाद साधला. उत्तर एकच आलं, 'पत्ता बदलला आहे, पत्र पाठवू नये.'

मग संस्थेला एक जुनी जीप मिळाली. नाव लांबून दिसलं पाहिजे, असं अध्यक्षांनी पेंटरला सांगितलं आणि त्यानं ते फारच मनावर घेतलं. जीपच्या दोन्ही अंगांना 'वृद्धाश्रम' अशी हातभर अक्षरं आली. राणी पहिल्यांदा ती जीप घेऊन एका गावात गेली, एका मुलाच्या दारात उभी केली, ओट्यावर बसून मुकाट्यानं चहा प्याली. भांडली नाही, उपदेश केला नाही. तासाभरात सगळा गाव येऊन वाचून गेला. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दुसऱ्यानं वाचून दाखवलं. आठ दिवसांत तो मुलगा आईसाठी लुगडं घेऊन आश्रमात हजर!

तेव्हापासून हीच रीत पडली. जीप दारात लावायची, तासभर थांबायचं आणि निघायचं. ड्रायव्हर लालसिंग याला हे काम इतकं आवडायचं की गावात शिरताना तो उगीच हॉर्न वाजवायचा. सहा वर्षांत राणीनं चाळीसेक मुलांना पाझर फोडला. पाझर कसला, घाम! पण रविवारी आश्रमाच्या अंगणात लेकी-सुना दिसू लागल्या आणि अध्यक्षांनी आणखी एक पाटी लावली, 'भेटीचा वार रविवार'.

आश्रमात नीलाबाई नावाची तांड्यावरची एक म्हातारी होती. जीभ अशी की स्वयंपाकीसुद्धा तिला विचारून मीठ घालायचा. तिचा मुलगा सुदाम हिंगोलीत मास्तर होता. त्याच्या शाळेसमोर जीप उभी राहिली ती नेमकी झेंडावंदनाच्या दिवशी. तेव्हापासून सुदाम दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डझनभर केळी घेऊन यायचा, "याडी, बरी हायस ना?" असं आईला विचारायचा आणि वीस मिनिटं घड्याळाकडं बघत बसायचा.

"म्याडम," नीलाबाई एकदा म्हणाली, "तो मला भेटाया न्हाई येत. तुमच्या गाडीला भिऊन येते."

"येतो तर खरं ना, नीलाबाई?"

"व्हय. तुमचा बाप कसा हाय?"

राणीनं कपाटाला लाथ घातली आणि फाईल काढली. ही म्हातारी नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवायची. राणी साखऱ्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. नवरा हिंगोलीत कारकून, दोन लेकरं, त्यांच्या शाळा, आणि हक्काचा रविवार तर दुसऱ्यांची मुलं आईबापाला भेटायला येतात त्यांच्या सरबराईत जायचा. बाजाराला येणाऱ्यांसोबत ग्यानोबा निरोप धाडायचा, 'एकदा तोंड दाखवून जा.' राणी उलट निरोप धाडायची, 'या रविवारी नक्की.' असे किती रविवार नक्की झाले, त्याचा हिशेब तिला नको होता.

त्यात आश्रमातल्या सखुबाईचा मुलगा मोहनसिंग नेमका साखऱ्याचाच. दोन वर्षांत आईकडं फिरकला नव्हता. त्याच्या दारात जीप न्यायची वेळ कधीच उलटून गेली होती, पण साखऱ्याला जायचं म्हणजे बापाला तोंड दाखवायचं. तीन महिने टाळून शेवटी दोन हजार पाचच्या एका बुधवारी ती निघाली. मोहनसिंगचं काम उरकायचं आणि जाता जाता बापाकडं चहा घ्यायचा, असं तिनं ठरवलं.

मोहनसिंगच्या गल्लीत नळासाठी चर खणला होता. लालसिंगनं राणीला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि जीप लावायला मोकळी जागा शोधत गेला. राणी मोहनसिंगच्या ओट्यावर बसली. चहा आला, तो प्याली. अर्धा तास झाला तरी एक पोरगंसुद्धा बघायला फिरकेना. असं कधी झालं नव्हतं.

"मोहनसिंग कुठं गेला?" तिनं त्याच्या बायकोला विचारलं.

"तिकडं गेले न्हवं समदे. म्हाताऱ्याला न्यायाची गाडी आली म्हणं कोणाच्या तरी दारात."

राणी पळतच सुटली. साखऱ्यात गाडी वळेल एवढी मोकळी जागा एकच होती, तिच्या बापाच्या दारापुढची.

सगळा गाव तिथं जमला होता. ग्यानोबा धुतलेलं धोतर नेसून जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला होता. मांडीवर पिशवी. घराला कुलूप, किल्ली शेजारणीच्या हातात, शेळीचं दावंही तिच्याच हातात. लालसिंग चाकापाशी मान खाली घालून उभा होता, हॉर्नबिर्न सगळं विसरून. आणि मोहनसिंग ग्यानोबाची वळकटी जीपमध्ये चढवत त्याला धीर देत होता, "भेऊ नका काका, लई चांगलं ठेवतात तिथं. माही आई हाय ना!"

"बा, तू कुठं निघाला?" राणीला धाप लागली होती.

"तुह्या आश्रमात. गाडी दारात आली, तवाच समजलो म्या. बराबर हाय तुहं, तुला येणंजाणं होत न्हाई. तिथं रोज दिसशील तरी." ग्यानोबाच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच राणीला सोसेना.

मोहनसिंगकडं बोट दाखवलं की सुटका होती आणि ते खरंही होतं. त्याच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण वळकटी धरून तो हळूहळू मागं सरकत होता. पण ही जीप म्हाताऱ्यांना न्यायला कधी जात नसे. ती लेकरांना लाजवायला जात असे, आणि हे राणीइतकं कोणाला ठाऊक होतं?

"उतर बा. गाडी तुला न्यायला न्हाई आली."

"मंग कोणासाठी आली?"

राणीनं एकदा गावाकडं बघितलं. "माझ्यासाठी," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

ग्यानोबा पिशवी सावरत खाली उतरला. "रडतीस काहून? मंग तासभर तरी थांबशील ना? गाडी तासभर थांबते म्हणतात."

राणीनं लालसिंगला रिकामी जीप घेऊन परत पाठवलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आली. तोवर लालसिंगनं आश्रमात सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं, पण नीलाबाईनं त्यावर तोंडातून चकार शब्द काढला नाही. राणीला वाटलं, म्हातारी निवळली.

पुढचा रविवार महिन्यातला पहिला होता. सुदाम आला, वीस मिनिटं बसला, गेला. मग नीलाबाई केळ्यांची फणी घेऊन विभागात आली आणि ती टेबलावर आदळली.

"हे घ्या अन् साखऱ्याची गाडी धरा. बापाकडं हात हालवत जाऊ नका."

"नीलाबाई, आज भेटीचा वार आहे, सगळ्यांची मुलं येणार..."

"म्या बघते त्याह्यच्याकडं," असं म्हणून नीलाबाईनं हात पुढं केला. "अन् ते मनगटावरचं घड्याळ काढून ठिवा हितं."

राणीनं घड्याळ काढून तिच्या हातावर ठेवलं.