नदीकाठ मोकळा आहे

बाबूजींनी माझ्या हातातलं पान घेतलं. वाचलं, की नुसतं पाहिलं, ठाऊक नाही. त्याच्या दोन घड्या घातल्या. त्यावर एक आलुबोंडा ठेवला आणि माझ्यापुढं धरला.

"घे, खा. सकारपासून टाइप करून राहिली तू."

सगळे हसले. सचिव हसले, निवृत्त गुरुजी हसले. ग्रामपंचायतीच्या खोलीत पाच-सहा माणसं होती, सगळी खुर्चीवर. मी उभी होती.

पानातून तेल वर येत होतं. त्यावर माझ्या आज्याचं नाव होतं.

मी तो आलुबोंडा खाल्ला.

एवढं एक वाक्य लिहायला मला फार दिवस लागले. त्यांनी काय केलं, ते मी लवकर सांगू शकली. मी काय केलं, ते सांगता येत नव्हतं.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर. गाव उंचावर, आमची ढिवरटोली, मासे धरणाऱ्यांची वस्ती, खाली, पाण्याला लागून. वरच्या धरणाचं पाणी सोडलं की आधी आमच्या चुली विझतात, मग गावाला कळतं. टोलीतली मी पहिली बी.ए. ग्रामपंचायतीत कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होती. बाबूजी जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरचे. मालगुजारी केव्हाचीच गेली. आज त्यांच्याकडे कुठलं पद नाही. तरी ते आले की सरपंच उठून जागा देतात.

गावाचं पुस्तक काढायचं ठरलं. इतिहास, भूगोल, लोकसंख्या. इतिहास गुरुजी लिहिणार. मी घरोघरी जाऊन माणसं मोजायची आणि सगळं टाइप करायचं. मी खूश होती. गावाच्या पुस्तकात आपला हात लागणार, असं वाटून राहिलं होतं.

वरच्या आळीत एका घरी मला अंगणातच थांबवलं. आतून सासू सुनेला म्हणाली, "ढिवराची पोट्टी हाय. पेन देऊ नको आपला." मी ऐकलं आणि पुढचं घर घेतलं. तेव्हा मला असं ऐकून पुढं जायची सवय होती.

गुरुजींच्या इतिहासात मालगुजारांची विहीर होती, मंदिर होतं, शाळेला दिलेली जागा होती. नदी होती, पण नदीवर माणूस नव्हता. म्हणून मी स्वतःहून एक पान लिहिलं. पूल नव्हता तेव्हा माझा आजा डोंग्यातून माणसं पलीकडे न्यायचा. बाळंतिणी, वऱ्हाडं, धानाची पोती, टपालाची पिशवी. सगळं गाव त्याच्या डोंग्यात बसून गेलं होतं. एवढंच लिहिलं होतं.

बाबूजी म्हणाले, "हे काय?"

"टोलीचं हाय, बाबूजी. पुस्तकात नाई म्हणून."

"टोली कायले पायजे? इतिहास गावाचा लिहून राहिलो आमी."

आणि मग ती घडी. तो आलुबोंडा.

घरी आली. माय जाळं शिवत बसली होती. तिला सांगितलं.

"खाल्ला?"

"हो."

"काऊन खाल्ला?"

मायचा हात चालूच होता. मग ती म्हणाली, "मीबी खाल्लं हाय."

पुराचं वर्ष होतं. बाबूजींच्या म्हाताऱ्या आईची छाती दुखायला लागली. दवाखाना पलीकडे. आमच्या झोपडीत गुडघाभर पाणी होतं. घर तसंच टाकून माझ्या बानं म्हातारीला डोंग्यातून पार नेलं. ती वाचली. पूर उतरल्यावर त्यांनी बा आणि माय दोघांना जेवायला बोलावलं आणि ओट्याखाली, चिखलात, पत्रावळी मांडल्या.

"तुह्या बानं हात नाई लावला. उठून गेला," माय म्हणाली. "मी खाल्लं. तू पोटात होती. दोन दिवसांची उपाशी होती मी."

बा आता नाही. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला माझी लाज वाटली आणि मायची वाटली नाही. तिला भूक होती. मला कसली होती?

आठ दिवसांनी शेवटची प्रत टाइप करायला आली. भूगोलाच्या पानावर लिहिलं होतं, 'गावाच्या पूर्वेस नदी असून नदीकाठ मोकळा आहे.' लोकसंख्येचा तक्ता पाहिला. टोलीची सगळी घरं काढून टाकली होती. मी स्वतः मोजलेली.

सचिवांना विचारलं. ते दाराकडे पाहत हळू बोलले, "घाट मंजूर व्हाचा हाय तिथं. पायऱ्या, बगीचा, बोटिंग. जागा मोकरी दाखवा लागते."

"मंग आमी कुठं जावाचं?"

"ते मले काऊन विचारते?"

आणि तक्त्याच्या खाली एक ओळ होती. 'प्रत्यक्ष घरोघरी जाऊन मोजणी केली असून एकही घर सुटलेले नाही.' त्याखाली माझं नाव. सहीला जागा.

तेव्हा मला कळलं. टोली नाही, हे त्यांना टोलीच्याच पोरीकडून लिहून पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी बाबूजी, सरपंच, गुरुजी, सगळे आले. पेन पुढं सरकवला.

"कर सही."

"नाई करत."

"काय म्हणली?"

"माह्या मायचं घर यातून सुटलं हाय. मीच मोजलं होतं. खोटी सही करत नाई."

"नौकरी कोनं लावून देली तुले, मालूम हाय ना?"

"मालूम हाय."

"मंग?"

मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. म्हटलं, "मंग नौकरी घ्या. सही नाई भेटत."

बाबूजी सरपंचाकडे पाहून म्हणाले, "देखो. चार अक्षर पढ़ ली तो सिर पे चढ़ गई." गुरुजी खाली पाहत राहिले. त्यांनीच मला चौथीपर्यंत शिकवलं होतं.

पुढच्या महिन्यात मला येऊ नको म्हणून सांगितलं. पुस्तक निघालं. सही दुसऱ्याच कुणाची होती. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर बाबूजींचा फोटो. दिवाळीनंतर टोलीत अतिक्रमणाच्या नोटिसा आल्या. ज्या घरांना पुस्तकात जागा नव्हती, त्या प्रत्येक घराला नोटीस मात्र बरोबर पोहोचली.

मी आता दुपारी टोलीतल्या समाजमंदिरात बसते. लोक पिशव्या घेऊन येतात. रेशनकार्ड, विजेची बिलं, मतदार यादी, कुणाच्या आज्याचा शाळेचा दाखला. काही कागद पुरात भिजून एकमेकांना चिकटलेत, ते मी सोडवते. नोटिसा रद्द करा, टोलीची घरं नोंदवा, असा अर्ज लिहून झाला आहे. पहिला अंगठा मायचा. काहीजण भितात. एक काका म्हणाले, "बाई, थे मोठे लोकं हायेत." मी त्यांना समजावत बसली नाही. अर्ज वाचून दाखवला आणि शाईचा पॅड पुढं केला. त्यांनी हात धोतराला पुसला. मग अंगठा उमटवला.

ग्रामसभा सोमवारी आहे. अर्ज मी वाचणार, घराघराचं नाव घेऊन. माइक काढून घेतला तर मोठ्यानं वाचीन. सभा उठवली तर तहसीलच्या पायरीवर वाचीन. तिथून हाकललं तर कलेक्टरच्या दारात. बाबूजी समोर बसलेले असतील. असू देत. मला त्यांच्याकडून माफी नको, शाबासकी नको, त्यांच्या पुस्तकात जागाही नको.

आमची जागा आमच्या पायाखाली आहे. ती आम्ही सोडणार नाही.