डल्सी आत्याचा घाम

आजारी पडायच्या आधी डल्सी आत्या पाहुण्यांना आमच्या पूर्वजांनी रंगवलेल्या चित्रांच्या कड्यावर न्यायची. पायथ्याशी सगळ्यांना उभं करायची, स्वतःच्या काखेत हात घालायची आणि तो घामट तळवा एकेकाच्या कपाळावर, छातीवर फासायची. इस्त्रीच्या कपड्यांतल्या साहेबांची तोंडं वाकडी व्हायची. हिला तेच बघायचं असायचं. मग कड्याकडे तोंड करून हाक द्यायची, "अहो म्हाताऱ्यांनो, ही पाहुणी माणसं. माझ्यासोबत आलीत. बघतील आणि परत जातील." वरचे पूर्वज माणसाला वासानं ओळखतात, आणि ओळख न देता गेलेला आजारी पडतो, हे आम्हा आदिवासींत शेंबडं पोरही सांगेल.

पुढे तिची मूत्रपिंडं निकामी झाली. रक्त धुवायचं मशीन दूर डार्विन शहरात, म्हणून आत्याही डार्विनला. यंदा कोरड्या दिवसांत दवाखान्याशी भांडून दोन दिवस गावी आली. कड्यावर तिच्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पंजाचा ठसा आहे. ते वारले, आणि वारलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. त्या ठशाखाली तिला एकदा बसायचं होतं.

पायथ्याशी आलो आणि आत्या थांबली. तिनं स्वतःचा दंड हुंगला.

"नुसता साबण आणि औषधं गं. माझा वासच राहिला नाही. ओळखलं नाही तर?"

"आत्या, तू इथलीच आहेस."

"ते तुला ठाऊक. त्यांना कसं कळणार? चल, गाडी वळव."

जन्मभर दुसऱ्यांची ओळख करून देणारी ही बाई स्वतःच्या दारात घाबरली होती. उन्हानं मी निथळत होते. काखेत हात घातला आणि तिच्या कपाळावर, मानेवर, सुया टोचून फुगलेल्या हातावर घाम चोळला.

"शी! अंघोळ करतेस की नाही?"

"तुझ्याच भावाची पोरगी आहे. वासही त्याच घरातला."

ती हसली. मग मी कड्याकडे तोंड करून ओरडले, "अहो म्हाताऱ्यांनो, ही डल्सी. तुमचीच लेक. माझ्यासोबत आलीय!"

आत्यानं माझी बाही ओढली.

"शेवटचं राहिलं की गं. परत जाण्याचं."

"राहू दे," मी म्हणाले, आणि तिचा हात धरून चढायला लागले.