कारसुननं उघड्यावर टाकलेलं पाकीट

माणसानं हरामखोर असावं, पण निदान चमचाभर लाज तरी ठेवावी! तासरोनीनं तेवढीही ठेवली नव्हती. स्लामेत डोंगराच्या उतारावरचं ते गॅरेज त्याचं आणि कारसुनचं भागीतलं. टू-स्ट्रोक गाड्या शर्यतीसाठी तयार करायचं डोकं कारसुनचं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तासरोनीचं. एके दिवशी पेट्रोलचा भडका उडाला आणि कारसुनचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यातून तो परतला तर दाराला नवं कुलूप आणि वर नवी पाटी, ‘तासरोनी मोटर’.

“असल्या हातानं काय करणार तू आता?” तासरोनी दारातच म्हणाला. “घरी बस, बायकोला तेंपेच्या वड्या तळायला मदत कर.”

कारसुन घरी बसला, पण पडवीत पाने-स्क्रूड्रायव्हर मांडून बसला. डाव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती, तर स्क्रू दातात धरून काम करायचा. त्याला खरा चटका बसला होता तो गॅरेजच्या रायडरचा, वाहिदचा. क्लचवर बोटं कशी ठेवायची इथपासून त्यानं वाहिदला शिकवलं होतं, अगदी धाकट्या भावासारखं. वाहिदही त्याला ‘कांग’, म्हणजे दादा म्हणायचा. पण शर्यतीची गाडी तासरोनीकडे राहिली, म्हणून वाहिदही तिथंच राहिला. त्याला परत आणायचं आणि तासरोनीला चारचौघांत तोंडघशी पाडायचं, कारसुनच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

तासरोनीची खोड त्याला पक्की ठाऊक होती. स्वतः काही शोधायचं नाही, दुसऱ्याचं बघायचं नि तसंच करायचं!

ऊस तुटून शेतं मोकळी झाली आणि शर्यत लागली. कारसुननं पडवीत जुळवलेल्या आपल्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्याला भोकं पाडली, वरचं झाकणही काढून टाकलं. हवा जास्त जाणार, तर पेट्रोलही जास्त हवं, म्हणून कार्बुरेटरात मोठा जेट बसवला. जेट म्हणजे आरपार भोक असलेला पितळी स्क्रूच म्हणा. पेट्रोल किती सोडायचं ते त्या भोकावर. गाडीवर बसवलेल्या शेजारच्या पोराची सरावाची फेरी झाल्यावर सगळे करतात तसा त्यानंही प्लग काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवला. दुधाळ कॉफीचा रंग, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण एकदम बरोबर. येणारेजाणारे वाकून बघत होते. शेजारीच त्यानं जेटचं रिकामं पाकीट टाकलं होतं, पण त्यावरचा आकडा भलत्याच, कितीतरी लहान जेटचा.

तासरोनी मेंदोआनची भजी खात आला. प्लग बघितला, भोकं बघितली, मग पाकिटावर नजर अडकली.

“काय रे, डब्याची चाळणच केलीस की!”

“गरिबाची गाडी. भोकांना काय खर्च येतोय?”

“कर, कर. मी आज वाहिदला गाडीवरून उतरवलंय. सेमारांगहून रायडर आणतोय, खरा रायडर.”

तो गेला आणि थोड्याच वेळात त्याच्या तंबूतून ड्रिलची घरघर ऐकू आली. काय थंडावा वाटला कारसुनच्या जिवाला! एवढी हवा आणि एवढासा जेट. पेट्रोल कमी, म्हणजे त्यात मिसळलेलं तेलही कमी. कोरडं इंजिन आधी बेफाम पळणार, मग तापून पिस्टन चिकटणार. वर बसलेला भाडोत्री पडला तर पडो! जळ मेल्या, तो मनात म्हणाला, तूही जरा जळून बघ.

गाड्या रेषेवर लागल्या. तासरोनीच्या गाडीवर वाहिद होता. सेमारांगचा रायडर उगवलाच नव्हता.

भरवेगात इंजिन जाम झालं की मागचं चाकही जाम होतं आणि माणूस भिरकावला जातो. कारसुन दोरीपाशी धावला. “वाहिद!” एवढं तोंडातून निघतंय तोच तासरोनी आडवा आला.

“का रे थोट्या, आता हात पसरायला आलास? माझा रायडर आहे तो. हो मागं!”

आजूबाजूचे खो खो हसले. कारसुनची कानशिलं तापली. एकच वाक्य बोलायचं होतं, एकच! पण दातओठ खात तो मागं सरला, आणि तेवढ्यात बावटा पडला.

काय पळाली ती गाडी! पहिल्याच वळणावर सगळ्यांच्या पुढे. तासरोनी नाचायला लागला. कारसुनला मात्र आवाज कळत होता, चढत चाललेला, कोरडा, पत्र्यासारखा. बांधावरून गाडी उडाली, खाली टेकली आणि आवाज मध्येच तुटला. वाहिद हँडलवरून पुढं फेकला गेला.

तासरोनी धावला तो गाडीकडे. “माझं इंजिन! माझं इंजिन गेलं!” त्यानं बोंब ठोकली. “जेट कोणता घातला होतास?” कुणीतरी विचारलं, तर त्यानं कार्बुरेटर हातानं झाकला. चोरीचा आकडा कुठल्या तोंडानं सांगणार? लोक हसायला लागले. हेच बघायला कारसुन इतके दिवस जगला होता, पण तो वाहिदजवळ धुळीत गुडघे टेकून बसला होता.

वाहिदचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. त्यानं कारसुनचा भाजका हात घट्ट पकडला.

“कांग, सगळे गाडीकडे पळाले. तुम्ही एकटेच माझ्याकडे आलात.”

“बोलू नकोस. पडून राहा.”

“तुमच्या हातची गाडी असती, तर असं झालंच नसतं. मी तेव्हाच तुमच्याबरोबर यायला हवं होतं.” त्याला रडू फुटलं. “पाय बरा झाला की येतो, कांग. घ्याल ना मला?”

कारसुननं तोंड उघडलं. सांगायचं ते सगळं जिभेवर होतं.

“घेईन रे,” तो म्हणाला, आणि त्याला वाहिदकडे बघवेना.