बोडीतलं तेल

वाळूच्या दगडांतून पाण्याबरोबर वाहत आलेलं युरेनियम एखाद्या ठिकाणी अडतं आणि खनिज होऊन बसतं. त्याला अडवतं कोण? दगडात मुरलेलं खनिज तेल, की त्या तेलावर जगणारे जिवाणू? मी घरातली पहिली पदवीधर, तीही भूशास्त्राची, पण मला याचं उत्तर देता येत नाही. हे ज्याच्याशी बोलावं असं घरी कुणी नाही. मार्च सरता सरता एकटीच निघाले. आधी कचारगडची गुहा, मग आत्याचं गाव. आत्याचे यजमान, मामाजी, यांचा निरोप होता : बोडीत तेल निघालं, येऊन पाय, म्हणजे पाहा.

गोंदियाहून सकाळच्या पॅसेंजरने सालेकसा, पुढे ऑटो, मग पायी चढण. तिकीट नाश्त्यापेक्षा स्वस्त. पण जत्रेचे दिवस सोडले तर वर काही मिळत नाही, पाणी घरूनच न्या. वाटेवर मोहफुलांचा गोड, जड वास होता. हे गोंड लोकांचं देवस्थान, म्हणून चपला काढून गुहेत शिरले. छताचे दगड बघताना तोंडून "बघ ना" निघालं. कुणालाच नाही.

दुपारी आत्याच्या गावी पोचले, तर मामाजी आणि आत्यानं थेट बोडीवर नेलं. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं. दर उन्हाळ्यात तिचा गाळ काढतात. यंदा फावडं लागलंच नव्हतं. काठच्या पाण्यावर रंगीत तवंग होता.

"पाय, डिझलवानी चमकून राहिलं!"

"गाळ काऊन नाही काढला, मामाजी?"

"तेलावर फावडं मारू का? गावाले सांगतलं हाये, आमची पोरगी येते, थेच सांगल."

मी काडीने तवंग ढवळला. तेल असतं तर लगेच पुन्हा जुळून आलं असतं. हा काचेसारखा तुकड्या-तुकड्यांनी फुटला, आणि तसाच राहिला.

"थंडीनं थिजून फाटलं असंल," मामाजी म्हणाले.

"या उनात?" आत्या हसली.

मी सांगितलं : हे लोखंडावर जगणारे जिवाणू. चिखलातून विरघळलेलं लोखंड वर येतं, हवा लागली की हे त्याचा गंज करतात. युरेनियमची चाल उलटी, ते हवा संपते तिथे थांबतं. बोलता बोलता मीच रंगले होते.

"म्हंजे तेलाची कंपनी नाही येनार?"

"नाही, मामाजी."

तेवढ्यात शेजारच्या बांधावरून हाक आली, "का म्हनते पोरगी?" मामाजी हळूच म्हणाले, "तपासाले नेते म्हन."

"तेल नाही, काका," मी ओरडून सांगितलं.

मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिकली, आन् आमचं तेलच पिऊन टाकलं."

रात्री ते जेवायला आले नाहीत. सकाळी ऑटोपर्यंत आत्याच आली. गाडीत खिडकी मिळाली, गप्पांना कुणी नव्हतं.

घरी बाबा म्हणाले, "तपासून पाहते म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" निकाल येईस्तोवर गाळ कुणी काढला नसता, बोडी बिघडली असती. गाळाने भरलेल्या बोडीत पाणी किती साठणार, आणि पावसाने दडी मारली तर धान कशावर जगवणार? पण हे मी मामाजींना सांगितलंच नव्हतं. मी जिवाणूंचंच सांगत बसले होते.

काल तीच पॅसेंजर पुन्हा पकडली. मामाजी बांधावर पाठ करून बसले होते. मी आत्याकडून फावडं मागून घेतलं आणि गाळ काढायला बोडीत उतरले.