सुर्वे काकांच्या डाव्या पायाची नाडी

इथले अनुभव मी वर्षभर तरी वाचतेय, पण स्वतः कधी एक ओळही लिहिली नाही. मुळात मी फारशी बोलत नाही, आणि शाळा इंग्लिश मीडियमची असल्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घापाशीच अडखळते. पण खरं कारण वेगळं आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बहुधा नसेल. मला फक्त जे मोजलं ते सांगायचंय.

२००६ चा डिसेंबर. आम्ही त्याच वर्षी मे महिन्यात दादरहून भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमध्ये राहायला आलो होतो. मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते — म्हणजे अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी आणि भरपूर पाठांतर. फिजिओलॉजीच्या मॅडमनी जर्नलसाठी काम दिलं होतं : दहा माणसांची नाडी मोजायची. आधी मनगटावर, मग दोन्ही पावलांवर. प्रत्येक ठिकाणी पूर्ण एक मिनिट.

पावलावरची नाडी सगळ्यांना माहीत नसते. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या रेषेत, पावलाच्या वरच्या बाजूला तीन बोटं हलकेच ठेवायची. जोरात दाबलं तर ती बंद पडते. अंगठ्याने बघायची नाही, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात.

वर्गातल्या बाकीच्यांनी कँटीनमध्ये बसूनच बहात्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर असे आकडे भरून टाकले. मीही तसंच केलं असतं, दहा घरांच्या बेल वाजवणं मला परीक्षेपेक्षा कठीण वाटतं. पण आईच्या पावलावर मला पहिल्यांदा ती नाडी सापडली तेव्हा इतकी मजा वाटली होती... हृदय कुठे, पाय कुठे, आणि तरी ते तिथपर्यंत येऊन बोटाला टिचकी मारतंय. म्हणून मी खरंच मोजायचं ठरवलं.

सहा माणसं झाली. सातवे सुर्वे काका.

सुर्वे काका आमच्याच विंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. रत्नागिरीकडचे, गोदीतून रिटायर झालेले. काठी घेऊन हळूहळू चालायचे. घरातही फुल पँट आणि काळे नायलॉनचे मोजे. मला वाटायचं गुडघेदुखी असेल. मी न बोलणारी असले तरी बघणारी मुलगी आहे, आणि सहा महिने रोज जिन्यापाशी दिसणाऱ्या माणसाबद्दल मला एवढंच कळलेलं होतं, याची अजून लाज वाटते.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास गेले. काकू ओट्यापाशी बोंबील साफ करत होत्या. काका खिडकीजवळ खुर्चीत पेपर वाचत होते. मनगटावर शहात्तर, अगदी घड्याळासारखी. मग मी खाली त्यांच्या पायांशी बसले.

"पाया पडतेस की नाडी बघतेस?" काका म्हणाले. "आशीर्वाद हवा तर फुकट आहे."

आतून काकू लगेच, "अहो, पाय मागे घ्या! कुमारिकेनं पायाला हात लावायचा नसतो."

"अगं, अभ्यास आहे तिचा! उद्या पेशंटला काय सांगणार, माझं लग्न होऊ द्या मग बघते?"

मी इतकी लाजले की मोजे काढायला सांगायचं राहूनच गेलं. मॅडमनी बजावलं होतं, उघड्या त्वचेवरच बघायची. पण वडीलधाऱ्या माणसाला मोजे काढा म्हणायला माझी जीभ रेटेना. मोजे पातळ होते. वरूनच बघू म्हटलं.

उजव्या पावलावर काही लागेना. बोटं सरकवली, दाब कमी-जास्त केला. दोन मिनिटं गेली असतील. नाही म्हणजे नाहीच. कधी कधी धडधाकट माणसातही ती सापडत नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या, म्हणून मी तसं लिहिलं आणि डाव्या पावलावर बोटं ठेवली.

ठेवताक्षणी लागली. शोधावी लागली नाही. इतकी स्पष्ट की मला हायसं वाटलं. पण ती विचित्र होती — चार-पाच ठोके नीट, मग एक गायब, मग पुन्हा चार-पाच. बोटांत आपलेच ठोके लागतात आणि नवशिके फसतात, हे आम्हाला शिकवलेलं होतं. म्हणून मी दुसरा हात स्वतःच्या गळ्याशी नेला. माझी नाडी घाबरल्यामुळे धावत होती, पण सरळ धावत होती. खालची तिच्याहून संथ होती आणि अडखळत होती. या दोन वेगळ्या होत्या. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं.

"सापडली?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला.

"हो. एटी-एट. पण मध्ये मध्ये एक ठोका चुकतोय, काका."

"ह्याच पायात ना?"

"हो, ह्याच." माझी बोटं अजून तिथेच होती.

काका वाकले आणि काठीच्या मुठीने माझ्या हाताच्या वर, त्याच पायाच्या नडगीवर ठोकलं. टक्... टक्. प्लास्टिकच्या बादलीवर ठोकावं तसं. मग पँट वर ओढून दाखवली.

"गुडघ्याखालून. नऊ वर्षं झाली. पाऊल रबराचं आहे, बाय." आणि ते जे हसत सुटले... "म्हटलं बघूया, हल्लीची पोरं खरं मोजतात की ठोकून देतात! नापास!"

"काय हो पोरीला छळता!" काकू धावत आल्या, हात तसेच माशांचे. "लक्ष देऊ नको गं. शुगरमुळे गेला पाय. ह्यांना मस्करी सुचते."

मी जर्नल उचललं आणि वर निघून आले. संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगला बातमी लागली होती. शेजारच्या हंसाबेननी जिन्यातच गाठलं, "अरे डॉक्टरनी, मेरे फ्रिज का भी प्रेशर देख ले ना, बहुत आवाज करता है!" आई पण हसली. मी हसले नाही. मला खोटारडी म्हटलेलं चालत नाही, मस्करीतही.

सोमवारी मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी अर्ध्या मिनिटात निकाल लावला. "समोर बसलीस ना तू? त्यांचा उजवा तो तुझा डावा. बाजू उलटी लिहिलीस, पहिल्या वर्षाला सगळेच करतात. आणि मनगटात शहात्तर, पायात अठ्ठ्याऐंशी? त्यांना काय दोन हार्ट आहेत? दुरुस्त कर आणि आण, सही करते."

खोडरबर हातात घेतलं होतं. आणि तेव्हा लक्षात आलं की आपण सगळे डाव्या पायावरच हसत बसलोय. उजव्याचं काय?

मॅडम म्हणतात तशी बाजू उलटी झाली असेल तर ठीकच, उजव्या पायात नाडी आहे. पण बाजू उलटी झाली नव्हती. काकांनी काठी मारली तेव्हा माझी बोटं त्याच पायावर होती. म्हणजे उजव्या, खऱ्या पायात, शुगरने एक पाय आधीच गेलेल्या माणसाच्या उरलेल्या एकुलत्या पायात, मला नाडी लागली नव्हती. आणि हे कोणी ऐकणार नव्हतं, कारण त्याच मुलीला रबरात नाडी सापडली होती.

दोन दिवस मी नुसतीच त्यांच्या दारावरून जा-ये केली. बुधवारी कॉलेजमधून आले आणि चार वाजता बेल वाजवली.

"ये गं," काका म्हणाले. "आज कोणाची? काठीची?"

"उजव्या पायाची," मी म्हटलं. "मोजा काढा, काका."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच खाली वाकून मोजा काढला.

पाऊल गार होतं. त्वचा चकचकीत, ताणलेली, एक केस नाही. वरची नाडी लागली नाही, घोट्यामागची पण नाही. मी पाऊल जरा फिरवलं तर करंगळीच्या बाहेरच्या बाजूला शेंगदाण्याएवढा काळा डाग.

"हे कधी झालं?"

"काय? कुठे?" काकांना तो दिसतही नव्हता आणि दुखतही नव्हता.

काकूंनी चष्मा लावून तो बघितला. "उद्याच जाऊया, अहो."

आणि काकांचा चेहरा बदलला. मस्करी कुठच्या कुठे गेली. "कुठे जायचं नाही. मागच्या वेळीपण नखापासूनच सुरू झालं होतं. नुसतं दाखवून येऊ म्हणालीस. गेलो चालत आणि आलो तो असा! ह्या वेळी काय, दोन्ही बाजूंनी रबर? आणि हिच्या सांगण्यावरून? रबरात नाडी सापडते हिला!"

मी आयुष्यात कोणाशी वाद घातलेला नाही. पण पाऊल अजून माझ्या हातात होतं, आणि ते खूप गार होतं.

"काका, त्या पायात कशी सापडली ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण सापडली. आणि ह्या पायात नाहीये. दोन्ही मी एकाच पद्धतीनं बघितलंय. एक खोटं म्हणायचं असेल तर दोन्ही खोटं म्हणा, आणि मी जाते."

काकांनी पाय माझ्या हातातून सोडवून घेतला. मग काकूंना म्हणाले, "चहा टाक जरा." त्या आत गेल्यावर पुढे वाकून, अगदी हळू आवाजात बोलले,

"त्या दिवशी तू डाव्यावर बोटं ठेवलीस ना... मला लागली ती. तीन बोटं. गार होती. नऊ वर्षांत तिथं दुखलंय, खाज आलीये, सगळं झालंय. पण बाहेरून कोणी हात लावलेला कधी कळला नव्हता." त्यांनी एकदा आत ओट्याकडे बघितलं. "मी हसलो तो मस्करीला नाही हसलो गं. घाबरून हसलो."

मी त्यांच्या डाव्या मोज्याकडे बघितलं.

"जो पाय नाही त्याचं जिला कळलं," काका म्हणाले, "तिला असलेल्या पायाचं कळत नसेल कसं?" आणि मग मोठ्यानं, "अगं ए, चहा राहू दे! ती जुनी फाइल काढ!"

दुसऱ्या दिवशी माझे बाबा त्यांना घेऊन गेले, मीपण गेले. मांडीतली रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस थांबला असतात तर पाय हातचा गेला असता. रक्तवाहिनी मोकळी केली. करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

त्या दिवशीची एक गोष्ट मी घरी कोणाला सांगितली नाही. डॉक्टर मागचा इतिहास विचारत होते, आणि काकू म्हणाल्या, "पहिला पाय कापला ना, त्या वेळी ह्यांचे हृदयाचे ठोके चुकायचे मधूनमधून. गोळ्या होत्या त्याच्या. नंतर सगळं नीट झालं, गोळ्या बंद केल्या." डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मी शेजारच्या स्टुलावर बसून माझ्या बोटांकडे बघत होते.

जर्नल मी दुरुस्त केलं नाही. मॅडमनी त्या ओळीपुढे लाल प्रश्नचिन्ह टाकून सही केली. मला ते मान्य आहे, माझंही तेच म्हणणं आहे.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. कापलेला अवयव मेंदूच्या नकाशात शिल्लक राहतो हे आम्ही नीट शिकलोय. काकांनी माझा हात डाव्या पायावर बघितला आणि मेंदूनं स्पर्श तयार केला, असं म्हणता येतं. त्यांची बाजू त्यात सुटते. माझी सुटत नाही. माझ्या बोटांखाली त्यांचा मेंदू नव्हता, रबर होतं. गेल्या तीन वर्षांत मी शेकडो नाड्या मोजल्यात, स्वतःच्या बोटांचे ठोके आणि दुसऱ्याचे ठोके यांतला फरक मला झोपेतही कळेल. ते दुसऱ्याचे होते. यावर कोणी कितीही समजावलं तरी मी हटणार नाही, आणि याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही.

काका घरी आल्यावर, एप्रिलमध्ये असेल, त्यांनी एकदा आपणहून डावा पाय पुढे केला. काकू बाजारात गेल्या होत्या. मोजा त्यांनी आधीच काढून ठेवला होता. "बघ गं," एवढंच म्हणाले.

मी खाली बसले. त्या तपकिरी रबरावर तीन बोटं ठेवली. पूर्ण मिनिट. मग जागा बदलून आणखी एक मिनिट. काही नव्हतं. चपलेला हात लावल्यासारखं वाटत होतं.

"नाही, काका."

"मलाही नाही लागली तुझी बोटं." त्यांनी मोजा चढवला, पँट खाली ओढली, आणि तिची इस्त्री हातानं सारखी करत राहिले. बऱ्याच वेळानं स्वतःशीच म्हणाले, "गेला म्हणायचा मग."